‘आमच्यासाठी केलं नाही ना?’ : चित्रभानूंच्या १९७०च्या प्रवासाचा अभ्यास

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा उंबरा चांगला वीतभर उंच. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. चातुर्मासातल्या एका सकाळी, अकराच्या सुमाराला, दोन साध्वीजी त्या उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या. आम्ही काही जैन नव्हे. पण चातुर्मासात आमच्याकडे कांदा, लसूण, वांगं शिजत नसे, आणि हे शेजारच्या बेननी त्यांना सांगितलेलं असणार. ‘धर्मलाभ’ म्हणत त्या आत आल्या. आईनं नुकत्याच पोळ्या उरकल्या होत्या. वडील साध्वीजींनी पोळ्यांच्या चळतीकडे पाहिलं आणि आधी एवढंच विचारलं, ‘अमारे माटे तो नथी बनाव्युं ने?’ आमच्यासाठी केलं नाही ना?

आई खोटं बोलणारी नव्हे. शेजारच्या दारात त्यांना पाहून तिनं घाईघाईनं दोन पोळ्या जास्तीच्या लाटल्या होत्या, ते तिनं सांगून टाकलं. झालं, त्या दोन पोळ्या बाजूलाच राहिल्या. आधीच्या चळतीतली अर्धी पोळी आणि पळीभर मुगाचं वरण, एवढंच त्यांच्या लाकडी पात्रात पडलं. तेही माझ्या हातून, कारण आईचा हात ओल्या, म्हणजे सजीव मानलेल्या, कोथिंबिरीला लागला होता. त्या गेल्यावर आई बराच वेळ त्या दोन पोळ्यांकडे बघत बसली होती.

हा प्रसंग मला पुन्हा आठवला तो आमच्या शनिवारच्या गटात. बडोद्यातली आम्ही आठ-दहा मराठी मंडळी, बहुतेक निवृत्त, आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमतो. महिन्यातून एक ‘प्रकरण’ घ्यायचं असा शिरस्ता आहे. एक माणूस, त्याचा एक निर्णय. त्याच्यापुढे काय होतं, कुठल्या वाटा मोकळ्या होत्या, त्यानं काय केलं, पुढे काय झालं. मग प्रत्येकानं आपलं मत सांगायचं आणि मी ते वहीत उतरवायचं. त्या महिन्यात मी मुनी चित्रभानूंचं प्रकरण सुचवलं. शेजारच्या बेनची मुलगी, आता तीही साठीच्या पुढची, त्या दिवशी मुद्दाम आली होती. तिला आम्ही सगळे बेनच म्हणतो.

प्रकरण असं. १९७० मध्ये जिनिव्हाला जगातल्या वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींची परिषद भरणार होती, ‘टेम्पल ऑफ अंडरस्टँडिंग’ या संस्थेची. जैनांच्या वतीनं बोलावणं आलं ते मुंबईत असलेल्या एका श्वेतांबर मुनींना. वय अठ्ठेचाळिशीच्या आसपास. जन्म २६ जुलै १९२२, राजस्थानातलं तखतगढ. १९४२ मध्ये दीक्षा, दीक्षेचं नाव चंद्रप्रभसागर. चित्रभानू हे लिखाणातलं नाव, पुढे तेच रूढ झालं. अठ्ठावीस वर्षं अनवाणी विहार. मुंबईत त्यांच्या प्रवचनांना माणसं दाटीवाटीनं बसत, आणि बिहारच्या दुष्काळात मदतीसाठी त्यांनी मुंबईकरांना कामाला लावलं होतं. मैत्रीभावनेवरची त्यांची गुजराती प्रार्थना तर आमच्या बडोद्यातल्या कितीतरी शाळांमधून म्हटली जाते. म्हणणाऱ्या मुलांना ती कोणाची हे बहुधा ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

बोलावणं स्वीकारायचं तर विमानात बसणं आलं. आणि जैन साधू विमानातच काय, बैलगाडीतही बसत नाही.

गटातल्या बऱ्याच जणांना हा नियम म्हणजे एक जुनी रूढी वाटत होती, आपल्याकडच्या सिंधुबंदीसारखी. समुद्र ओलांडला की जात गेली, प्रायश्चित्त घ्या, तसलंच काहीतरी. इथे मी सगळ्यांना थांबवलं, कारण हे दोन्ही एक नाहीत. सिंधुबंदीत प्रश्न पलीकडच्या भूमीचा आणि शिवाशिवीचा होता. साधूच्या बाबतीत प्रश्न पावलाचा आहे. पाच महाव्रतांतलं पहिलं अहिंसा, आणि साधूची अहिंसा नऊ परींची: मनानं, वाचेनं, कायेनं, स्वतः करायची नाही, दुसऱ्याकडून करवायची नाही, कोणी केली तर तिला अनुमोदन द्यायचं नाही. माती, पाणी, अग्नी, वारा यांतही जीव मानलेला. म्हणून चालताना चार हात पुढची जमीन बघत चालायचं, याला ईर्यासमिती म्हणतात. चाकाखाली काय येतं ते बघता येत नाही. पैशाला हात लावायचा नाही, म्हणजे तिकीट दुसऱ्या कोणी काढणार. आणि ते कोणासाठी काढणार? साधूसाठी. माझ्या आईच्या त्या दोन पोळ्या आणि विमानाचं तिकीट, नियमाच्या लेखी एकाच जातीचे.

बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही म्हणाले, ‘पण विमान तर त्यांच्यासाठी उडत नव्हतं. ते उडणारच होतं. चळतीतली पोळी चालते, मग सीट का नाही?’ युक्तिवाद चांगला होता. मी त्यांना सांगितलं की हा विचार आगमात, म्हणजे जैनांच्या मूळ धर्मग्रंथांत, आधीच झालेला आहे. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या भागात नावेचे नियम आहेत. वाटेत नदी आडवी आली आणि दुसरा मार्गच नसेल तर साधूनं नावेत बसावं. पण ती नाव साधूसाठी विकत घेतलेली नको, उसनी आणलेली नको, जमिनीवरची पाण्यात उतरवलेली नको. जी जातच आहे तिच्यात बसावं. म्हणजे वाहन मुळातूनच निषिद्ध असं काही शास्त्रानं म्हटलेलं नाही, आणि हे ऐकून बेनसुद्धा जरा सावरून बसली. मात्र ही सूट अडलेल्या वाटेपुरती आहे. नदी आडवी येते. समुद्र आडवा येत नाही, आपण त्याच्याकडे जातो.

मग जाऊच नये का? याचं पहिलं उत्तर १८९३ मध्ये देऊन झालं होतं, आणि त्या उत्तराचा एक धागा बडोद्याशी येऊन मिळतो. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं बोलावणं आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज यांना आलं होतं. युरोपातले प्राच्यविद्यापंडित त्यांना पत्रं लिहून शंका विचारत; हॉर्नले यांनी तर उवासगदसाओ या आगमग्रंथाची आपली आवृत्ती त्यांनाच अर्पण केली. पण आत्मारामजी जहाजात पाऊल ठेवणार नव्हते. त्यांनी महुव्याच्या वीरचंद राघवजी गांधी या एकोणतीस वर्षांच्या श्रावकाला शिकवून तयार केलं आणि पाठवलं. वीरचंद गृहस्थ, त्यांना जहाज वर्ज्य नव्हतं. तरी परत आल्यावर समाजातल्या कर्मठांनी त्यांना छळलंच, आणि आत्मारामजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९०१ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी वीरचंद गेले. आपल्याकडे शिकागो म्हटलं की विवेकानंद एवढंच आठवतं. त्याच व्यासपीठावर काठेवाडी पगडी घातलेला हा माणूसही होता आणि त्यानं तिथे हिंदूंवरच्या टीकेलाही उत्तर दिलं होतं, हे सांगावंसं वाटतं.

आणि बडोद्याचा धागा असा की याच आत्मारामजींचं प्रवचन ऐकून इथला छगन नावाचा मुलगा घर सोडून निघाला. जन्म बडोद्यात, १८७०. दीक्षा १८८७ मध्ये, राधनपूरला. तेच पुढे आचार्य विजयवल्लभसूरी झाले. त्याच १८८७ साली सयाजीराव महाराज पहिल्यांदा युरोपला निघाले होते. एकाच गावातले दोघे: एक राजा जहाजात बसला, एका पोरानं आयुष्यभर गाडीत न बसण्याचं व्रत घेतलं. वल्लभसूरींनी ते १९५४ पर्यंत पाळलं, पण मुंबईचं महावीर जैन विद्यालय उभं राहिलं ते त्यांच्याच प्रेरणेनं, समाजातल्या मुलांनी आधुनिक शिक्षण घ्यावं म्हणून. स्वतः चालायचं आणि दुसऱ्यांना दूर पाठवायचं, ही आत्मारामजींचीच रीत त्यांनी पुढे नेली.

चित्रभानूंसमोर ही वाट होती. एखाद्या विद्वान श्रावकाला पाठवता आलं असतं. त्यांनी ती घेतली नाही, आणि याचं कारण मला त्यांच्या आधीच्या आयुष्यात दिसतं. दुष्काळात नुसता उपदेश न करता माणसांमध्ये उतरलेला हा साधू होता. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून पाठवणारा त्यांचा पिंडच नव्हता.

मुंबईत विरोध झाला आणि तो साधा नव्हता. इथे बेन बोलली. तिचे वडील त्या काळात कामानिमित्त मुंबईत असत आणि ते विरोध करणाऱ्यांत होते. ती म्हणाली, ‘तुम्हा लोकांना विमान दिसतं. बापूजींना ओघा दिसत होता. ओघा हातात घेऊन माणूस विमानात चढला, तर ओघा म्हणजे काय राहिलं?’ ओघा म्हणजे रजोहरण, बसण्याआधी जमीन हलकेच झाडायचा लोकरीचा कुंचा, दीक्षेच्या वेळी गुरू देतात तो. तिच्या या बोलण्यानंतर खोलीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. विरोध करणारे सगळे कूपमंडूक होते असं मीही तोपर्यंत मनात धरून होते. तो माझा समज तिथे मोडला.

चित्रभानू गेले. जिनिव्हाला बोलले. आणि थोड्याच काळात त्यांनी साधुजीवन सोडलं. १९७१ मध्ये लग्न केलं, हार्वर्डच्या डिव्हिनिटी स्कूलमधल्या परिषदेसाठी अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कला राहिले आणि तिथे ध्यान आणि जैन विचार शिकवायला केंद्र उभारलं. शिकणारे बहुतेक अमेरिकन.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या गटात बहुतेकांचं म्हणणं पडलं की त्यांनी आधुनिकतेसाठी परंपरा सोडली. मला हे पटत नव्हतं, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नव्हतं. ते सांगितलं माझ्या आईनं. ती आता नव्वदीकडे झुकली आहे. त्या दिवशी बैठक आमच्याच घरी होती आणि ती कोपऱ्यात खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. मध्येच म्हणाली, ‘अगं, पण तिथे त्यांना पोळी कोण वाढणार होतं? त्यांच्यासाठी न केलेली?’

या एका प्रश्नानं मला बृहत्कल्पसूत्रातलं, म्हणजे साधूंच्या आचाराच्या ग्रंथातलं, एक वचन आठवलं. साधू-साध्वींनी कुठवर विहार करावा याच्या सीमा त्यात दिल्या आहेत: पूर्वेला अंग-मगधापर्यंत, दक्षिणेला कौशांबीपर्यंत, पश्चिमेला स्थूणा देशापर्यंत, उत्तरेला कुणाला देशापर्यंत. एवढंच आर्यक्षेत्र. कौशांबी म्हणजे प्रयागजवळ. याचा अर्थ हा सगळा गुजरात, पालिताण्याच्या तीर्थासकट, त्या सीमेच्या बाहेर. आमचं बडोदाही बाहेर, पुणे-कोल्हापूर तर विचारूच नका. ज्या दाराशी त्या साध्वीजी उभ्या होत्या ते दार सूत्राच्या हिशेबानं परदेशातलं होतं. हे वाचून दाखवलं तेव्हा बेन हसली आणि म्हणाली, ‘तर मग आम्ही पण फॉरेनचे.’

सूत्र तिथे थांबत नाही. त्यापलीकडे, जिथे ज्ञान, दर्शन आणि चारित्र्य वाढीला लागेल, तिथेही जावं असं पुढे म्हटलं आहे. आणि त्यावरच्या भाष्यात राजा संप्रतीची कथा येते. संप्रती अशोकाचा नातू, आर्य सुहस्ती या जैन आचार्यांचा भक्त. आंध्र-द्रविडासारख्या दूरच्या मुलखांत साधू जावेत असं त्याला वाटत होतं. पण तिथल्या लोकांना भिक्षा कशी द्यायची, साधूला काय चालतं, काय चालत नाही हे कुठे माहीत? म्हणून त्यानं आधी आपली माणसं साधूच्या वेषात पाठवली. ती घरोघर गेली, हे चालतं, हे चालत नाही, असं सांगत फिरली. लोकांना सवय झाली, तेव्हा खरे साधू निघाले.

कथा इतिहास म्हणून किती धरायची तो वेगळा विषय. पण सांगणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: साधू एकटा साधू राहू शकत नाही. त्याला दारं लागतात. जिथे स्वतःच्या घरासाठी, कांदा न घालता, सूर्यास्ताआधी जेवण झालेलं असतं आणि त्यातलं थोडं देता येतं अशी दारं. उकळलेलं पाणी ठेवणारी, उपाश्रयाची, म्हणजे साधूंच्या उतरायच्या जागेची, किल्ली सांभाळणारी माणसं. साधूनं स्वतः काही करायचं नाही, त्याच्यासाठी कोणी काही करायचं नाही, तरी तो जगला पाहिजे. हे जमतं ते केवळ भोवती गाव तसं असतं म्हणून. १९७१ च्या न्यूयॉर्कमध्ये असं गाव नव्हतं. तिथे साधूच्या पात्रात पडणारा प्रत्येक घास त्याच्यासाठीच शिजवलेला असता. व्रत मोडल्याशिवाय तिथे दोन दिवस काढणं शक्य नव्हतं.

म्हणून माझं मत असं झालं आहे, आणि ते मी वहीत माझ्या नावानं लिहिलं आहे. जिनिव्हाच्या विमानात साधुवेषानं चढणं ही चूक होती. बेनच्या वडिलांचा आक्षेप खरा होता. पण त्यानंतर चित्रभानूंनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं. नियम आपल्याला हवा तसा वाकवून ‘मी अजून साधूच’ असं म्हणता आलं असतं. अनुयायी होते, कीर्ती होती, कोणी अडवलं नसतं. त्यांनी ओघा खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षं ज्याच्यामुळे लोक पाया पडत होते ते सोडून ते गृहस्थ म्हणून शिकवायला बसले. संप्रतीच्या कथेतली माणसं साधू नसताना साधूचा वेष घालून गेली. हे साधू असून वेष उतरवून गेले, आणि काम तेच केलं. दारं तयार केली.

अहिंसेत ते मागे सरले म्हणावं तर तसंही नाही. दूध-तूप जैन स्वयंपाकघराचा प्राण. अमेरिकेत दुधाचा धंदा कसा चालतो ते पाहिल्यावर चित्रभानूंनी दूधही सोडलं आणि इतरांना सोडायला सांगू लागले. ज्यांनी त्यांना व्रतभ्रष्ट म्हटलं त्यांच्या ताटात तूप होतं. बेनला हे झोंबलं. ‘आमचं घी राहू द्या,’ म्हणाली. मी तो मुद्दा तिथेच सोडला, पण वहीतून काढला नाही.

बाकीच्यांनी दुसऱ्या वाटा काढल्या. स्थानकवासी पंथाचे आचार्य सुशीलकुमार १९७५ मध्ये मुहपत्ती, म्हणजे साधूची तोंडावरची पट्टी, तशीच ठेवून अमेरिकेला गेले, साधूच राहिले, आणि १९८३ मध्ये न्यूजर्सीत त्यांनी सिद्धाचलम हे तीर्थ उभारलं. तेरापंथ या दुसऱ्या जैन पंथाच्या आचार्य तुलसींनी १९८० मध्ये समण श्रेणी काढली: साधू आणि गृहस्थ यांच्यामधली पायरी, वाहन आणि आहार या दोन बाबतींत सूट असलेली. कुठल्या दोन बाबतींत सूट द्यावी लागली ते बघा, विमान आणि पोळी. समणी आज अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकवतात. आणि आपल्या खेड तालुक्यातल्या चासकमानच्या मुलीनं, साध्वी चंदनाजींनी, वीरायतन या आपल्या सेवासंस्थेचं काम देशाबाहेर नेलं. १९८७ मध्ये त्या आचार्य झाल्या. यातली समण श्रेणीची वाट मला सगळ्यांत समंजस वाटते, कारण तिथे सूट आहे हे उघड सांगितलेलं आहे. सुशीलकुमारांच्या वाटेबद्दल गटात एकमत झालं नाही आणि माझंही मन अजून ठरलेलं नाही.

१९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या जैन संघांचा ‘जैना’ हा महासंघ झाला, त्यामागे चित्रभानू आणि सुशीलकुमार दोघेही होते, ओघा ठेवलेला आणि न ठेवलेला. तोवर तिथे गुजराती कुटुंबं वस्तीला आली होती. माझी भाची न्यूजर्सीत असते. तिच्या शेजारणीकडे पर्युषणात सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात आणि मुलं पाठशाळेला जातात. म्हणजे दारं आता आहेत.

चित्रभानू १९ एप्रिल २०१९ रोजी मुंबईत गेले, शहाण्णव वर्षांचे होऊन.

बैठक संपता संपता एक व्यवहाराची अडचण उरली. वहीत प्रकरणाच्या माथ्यावर नाव लिहायचं असतं. मी ‘मुनी चित्रभानू’ लिहून ठेवलं होतं. बँकवाले स्नेही म्हणाले, नुसतं ‘चित्रभानू’ लिहा, वाद नको. कोणी ‘माजी मुनी’ सुचवलं, ते तर मला कानाला लागलं. शेवटी बेनलाच विचारलं, कारण वाद तिच्या घरचा होता. तिनं माझ्या हातून वही घेतली, पेन मागितलं आणि गुजराती वळणाच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या: ‘१९७० पर्यंत मुनिश्री. पछी गुरुदेव.’ मग आईच्या पाया पडून ती घरी गेली. ते पान मी तसंच ठेवलं आहे.